पलीकडची किल्ली

"इसाक, पहार खाली ठेव!" आण्णा हौदातून ओरडले. "कुलपाला हात लावायचा नाही!"

इसाकभाई आमचे बॉयलरवाले. हौदाच्या नदीकडच्या अंगाला, लोखंडी दाराशी ते पहार उगारून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हौदाच्या काठावर पालथी पडून आत बघत होते.

आत, दोन पुरुष खोल, माझे वडील मांड्यांपर्यंत पाण्यात उभे होते. पाणी म्हणायचं आपलं. सूत रंगवून उरलेलं, कॉस्टिक सोडा मिसळलेलं ते काळंतांबडं पाणी होतं. त्यांच्या पोटाला पाठ टेकून लगमा बसला होता. लगमा आमचा जुना कामगार. मधल्या भिंतीचा ढासळलेला तुकडा त्याच्या पायावर पडला होता, आणि फुटलेल्या जागेतून वरच्या टाकीतलं पाणी धो धो आत येत होतं; त्या लोंढ्यात तुकड्याखाली पहार लावणं शक्यच नव्हतं.

"आण्णा, तोडू द्या ना त्यांना! दार उघडलं की पाणी उतरेल."

"उतरेल आणि जाईल कुठं?" आण्णांनी मान वर केली. "खाली घाटावर आज कोण आहे, विसरलीस काय?"

मी खरंच विसरले होते. त्या दिवशी पलीकडच्या गावात होळेम्माची, नदीच्या देवीची, जत्रा होती. भर चैत्रातली. नदी आटलेली, आणि घाटापाशी उरलेल्या एकुलत्या डोहात सगळं गाव अंघोळीला उतरलेलं.

"आधी घाट उठव," आण्णा म्हणाले. "एक माणूस पाण्यात राहता कामा नये. मग पलीकडनं अंगडीला किल्ली घेऊन आण. तोवर दार उघडायचं नाही."

"तुम्ही तरी वर या!"

"आणि ह्याचं तोंड पाण्यावर कोण धरणार?"

"मालक, तुमी जावा की वर," लगमा म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी हाय हितंच. मी कुठं जातोय?"

"गप बस. तुला बोलायला सांगितलं नाही." मग पुन्हा वर बघून, "इसाक, ऐकलास काय? ती परत यायच्या आत कुलूप तुटलं, तर मी इथनं वर येणार नाही. राजू, जातीस का नाही?"

मी उठले आणि पळत सुटले. कारखान्याला सुट्टी होती. आवारात आम्ही चौघंच. वीज गेलेली, त्यामुळे मोटार बंद. इसाकभाईंनी पलीकडे फोन लावून पाहिला होता, तो नुसताच वाजत राहिला. तिकडचेही सगळे जत्रेला गेलेले.

आमच्या कारखान्याची किल्ली दुसऱ्या राज्यात का होती, ते इथेच सांगायला हवं.

हिरणी ही आमची नदी आणि हिरणी हीच सरहद्द. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. आमच्या काठावर रंगाचे तीन कारखाने होते, त्यांच्या काठावर चार. मी कॉलेजात होते तेव्हा एका उन्हाळ्यात नदीतले सगळे मासे पोट वर करून तरंगले. इकडचे अधिकारी आले आणि रंग पलीकडून आला असं लिहून गेले. तिकडचे आले, त्यांनी उलटं लिहिलं. दोघांचंही खरं होतं. पण एकाही साहेबाला नदी ओलांडून पलीकडच्या कारखान्यात पाय ठेवता येत नव्हता.

शेवटी एका संध्याकाळी आण्णा आणि पलीकडचे शिवलिंगप्पा अंगडी बंधाऱ्यावर बसले. तोवर ही दोन माणसं एकमेकांशी फक्त शिव्यांमधून बोलली होती. त्या बैठकीतून जे ठरलं ते कुणाच्या कायद्यात नव्हतं. त्यावर सही नव्हती की शिक्का नव्हता. प्रत्येक कारखान्याच्या नदीकडच्या दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली पलीकडच्या काठावर द्यायची. त्यांच्या चार किल्ल्या आमच्या काठावर, आमच्या तीन अंगडींच्या कमरेच्या जुडग्यात. पाणी साफ करून शेवटच्या हौदात आलं की पलीकडे निरोप धाडायचा. पलीकडचा मालक काचेच्या बरणीत एक जिवंत मासा घेऊन यायचा. बरणीत हौदातलं पाणी भरायचं, बरणी टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांनी सावकाश चहा प्यायचा. चहा, पोहे, पिकापाण्याच्या गप्पा. शेवटी मासा हलता असला तरच किल्ली. मग तो मासा नदीत परत.

आम्ही जैन. घरात कांदासुद्धा बेतानं. आईला हे अजिबात पटलं नव्हतं. "पाणी तपासायला जिवाशी खेळ कशाला?" ती म्हणायची.

"मेला तर पाप माझं आहे," आण्णा म्हणत. "म्हणूनच तो मरणार नाही."

दोनदा मेला. दोन्ही वेळा आण्णा उपाशी झोपले आणि कारखाना बंद ठेवून सगळी साफसफाई पहिल्यापासून केली.

लोक हसायचे. लग्नाकार्यात कुणीतरी हटकून म्हणायचं, "चौगुल्यांनी तिजोरीची किल्लीपण तिकडंच ठेवली असंल." सीमाप्रश्नाची सभा झाली तेव्हा एका पुढाऱ्यानं भर माईकवरून विचारलं, "बाबगोंडा चौगुले, आपल्या मातीतल्या कारखान्याची किल्ली परक्या राज्यात?" आण्णा खालूनच म्हणाले, "त्यांच्या आपल्याकडं आहेत की. उलट आपल्याकडंच एक जास्त आहे."

आणि जत्रेचा नियम याहून कडक. होळेम्माच्या आधी आठवडाभर कुणीही दार उघडायचं नाही. मासा जगला तरी नाही. घाटाचं पाणी त्या दिवसांत नुसतं नदीचं असावं, एवढंच. त्या वर्षी लग्नसराई जोरात होती, रंगाचं काम थांबलं नव्हतं, आणि सोडता न येणारं सगळं पाणी वरच्या टाकीत काठोकाठ साठलं होतं. शेवटचा हौद मात्र रिकामा. रिकामा आहे तर तळाचा गाळ खरवडून घेऊ, म्हणून आण्णा आणि लगमा सकाळी खाली उतरले. एका बाजूला गळ्यापर्यंत पाणी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, अशी त्या भिंतीवर पूर्वी कधी वेळ आली नव्हती. ते आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

बंधाऱ्यावरून मी पळत होते तेव्हा यातलं काही मनात नव्हतं. पायात चप्पल नव्हती. उन्हानं दगड तापले होते. घाटाकडून हलगीचा आवाज येत होता.

डोह माणसांनी फुलला होता. कुणी कमरेएवढ्या पाण्यात, कुणी पायऱ्यांवर. पुजारी देवीचा पितळी मुखवटा चिंचेनं घासत होता. मी पायऱ्यांच्या वर उभी राहिले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "पाण्यातनं बाहेर या! सगळे बाहेर या!" मग कानडीत, "होरग बर्री! होरग बर्री!"

हलगीत निम्मं बुडालं. जवळच्या चार-सहा जणांनी वळून पाहिलं. हिरव्या बांगड्यांनी हात भरलेली एक थोराड बाई शेजारणीला म्हणाली, "यारव्वा इकी?" ही कोण गं?

"चौगुल्याची मुलगी. कालेजच्या लायब्ररीत पुस्तकं देती ती."

"मग तिला एकटीलाच करायची आसंल अंघोळ."

बायका हसल्या. मी दोन पायऱ्या उतरले. डोक्याला साबण फासलेला एक म्हातारा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "काय म्हणतीस बाई?"

"आमच्या कारखान्याचं पाणी येणार आहे, आजोबा. सोड्याचं पाणी आहे. अंग भाजेल. उठा, सगळ्यांना उठवा!"

"आज?"

"आत्ता!"

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. "आज होळेम्मा हाय."

"माहीत आहे मला."

"मग पाणी कसं येतंय? किल्ली आमच्या मालकाकडं हाय. आन् चौगुलेमालक जत्रंत थेंब सोडायचे न्हाईत. किती वर्सं बघतोय मी."

"आज सोडणार आहेत. माणूस अडकलंय आत. माझे वडील..."

"चौगुलेमालक सोडणार?" तो मोठ्यानं हसला आणि इतरांना कानडीत सांगू लागला. हसणं पायऱ्यापायऱ्यांनी खाली पसरत गेलं. कुणीतरी म्हणालं, "हिला ऊन लागलंय, लिंबू द्या." म्हातारा माझ्याकडे वळून, खरंच समजूत घालावी तसं बोलला, "बाई, तू काय चौगुल्याची पोरगी न्हवंस. त्यांच्या घरातलं माणूस असं बोलायचं न्हाई."

मी हात जोडले. पाण्यात उतरून एका बाईचा दंड धरून ओढला, तिनं तो झटकला. एका आंधळ्या म्हातारीला तिची सून हाताला धरून पाण्यात उतरवत होती. मी आडवी झाले, तर सून म्हणाली, "वाट सोड. पाणी सोवळं हाय आजचं." ओरडून ओरडून माझा घसा बसत चालला होता. त्या काठावरच्या एकाही माणसाला मी खोटारडी वाटत होते असं नाही. ते आण्णांवर विश्वास ठेवून होते. त्या विश्वासानंच ते पाण्यात उभे होते, आणि मला तो फोडता येत नव्हता.

डोळ्यांपुढे सारखा हौद येत होता. आता कमरेला आलं असेल. आता छातीला.

खालच्या पायरीवर तीनेक वर्षांची एक मुलगी उघडीच बसली होती. पायांनी पाणी उडवत होती. तिची आई पाठमोरी, केस पिळत होती. मी पुढे झाले, मुलीला उचललं, छातीशी धरलं आणि पायऱ्या चढून पळत सुटले.

मुलीनं किंकाळी फोडली. मागे आईची किंकाळी. "पोरगी पळवली! चौगुल्याच्या बाईनं पोरगी पळवली!"

मग मात्र सगळा डोह उठला. पाणी खळाळलं, हलगी थांबली, शिव्या, धावणारे ओले पाय. मी नदीपासून लांब, वर देवळाच्या दिशेनं पळत राहिले. मुलगी माझ्या खांद्याला चावत होती. किती लांब गेले ते कळलं नाही. माझ्या पाठीत काठी बसली, केस ओढले गेले आणि मी गुडघ्यांवर पडले. कुणीतरी मुलीला हिसकावून घेतलं. तोंडावर चापट बसली. दुसरी बसली. मी वर बघून एवढंच म्हणत होते, "सगळे आलात काय? घाटावर कोण राहिलंय? कोण राहिलंय घाटावर?"

"व्हा बाजूला! बाजूला व्हा!" देवळाकडून शिवलिंगप्पा अंगडी आले. कमरेला जरीकाठी धोतर, कपाळाला भंडारा, हातात नैवेद्याचं ताट तसंच. त्यांनी मला ओळखलं आणि ताट जवळच्याच्या हातात दिलं.

"काय झालं गं पोरी?"

"भिंत फुटली, काका. आण्णा शेवटच्या हौदात आहेत. लगमाचा पाय अडकलाय. दार उघडायचं तर घाट..."

"बाबगोंडा आत हाय?"

"हो."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. गर्दीकडे वळून कानडीत चार वाक्यं बोलले. मला त्यातलं एवढंच कळलं, की पाण्याला कुणी शिवायचं नाही आणि घाटावर पाच माणसं काठ्या घेऊन उभी राहतील. क्षणापूर्वी मला मारणारे लोक मुकाट्यानं घाटाकडे गेले. साबण लावलेला म्हातारा तिथेच उभा होता. साबण वाळून चेहऱ्यावर पांढरा थर बसला होता. "खरंच सोडणार?" तो म्हणाला. मग तोही घाटाकडे वळला.

अंगडीकाका सत्तरीला टेकलेले. गुडघे दुखरे. बंधाऱ्यावर मी त्यांच्या हाताला धरलं, तर म्हणाले, "माझ्यासाठी थांबू नको. घे." जुडगं काढून त्यांनी त्यातली एक किल्ली बोटांनी वेगळी धरली. मी पळाले. ते मागून धोतर वर खोचून, लंगडत येत राहिले.

इसाकभाई दाराशी बसले होते. पहार मांडीखाली दाबून. रडून त्यांचे डोळे सुजले होते. "कितीदा उचलली, बेटा," ते म्हणाले. "कितीदा ठेवली. मघापर्यंत मालक बोलत होते. आता नुसतं हूं म्हणतात."

मला किल्ली कुलपात बसेना. किल्ली त्यांनीच माझ्याकडून घेतली, कुलूप काढलं आणि आम्ही दोघांनी मिळून दाराचं चाक फिरवलं. आधी काहीच झालं नाही. मग गाळ फुटला आणि काळंतांबडं पाणी आमच्या समोरून, नदीच्या कोरड्या दगडगोट्यांवरून खाली धावलं. त्याच्या वासानं डोळे चुरचुरले. अंगडीकाका तोवर पोचले होते. ते नदीच्या वळणापर्यंत पुढे गेले आणि पाणी रिकाम्या घाटाला लागेपर्यंत बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांना डोहात माशांची पांढरी पोटं दिसू लागली. त्यांनी तोंड फिरवलं.

पाणी उतरल्यावर इसाकभाई पहार घेऊन खाली गेले. भिंतीचा तुकडा हलला, लगमाला दोरानं वर ओढलं. त्याच्या पायाचं पुढे काही राहिलं नाही, पण वयानं तो आण्णांहून पुष्कळ लहान, तो जगला. अजून आहे. आण्णा शेवटपर्यंत त्याच्या काखेत हात घालून उभे होते. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आल्याची रेघ सदऱ्यावर दिसत होती. वर आणल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"घाट?"

"रिकामा होता, आण्णा. सगळे उठले."

"हां," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की छातीखालची कातडी राहिलेली नाही, आणि एवढ्या वयाच्या माणसाचं शरीर एवढं भरून काढत नाही. आशा ठेवू नका, असं ते थेट म्हणाले नाहीत. माझ्या पाठीवरचे वळ बघून तुम्हालाही तपासू का, असं विचारलं.

संध्याकाळी नर्सनं आण्णांचे कपडे कागदात गुंडाळून आणून दिले. बरोबर कापलेला करदोटा. काळ्या दोऱ्यात एक पितळी किल्ली गुंतलेली होती.

मी ती ओळखली. त्याच दिवशी तिची जोड माझ्या मुठीत होती.

अंगडीकाका बाहेर बाकावर बसले होते. त्याच जरीकाठी धोतरात. मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"ही कुठून आली, काका?"

त्यांनी धोतराचा सोगा मुठीत घेतला. "पुराच्या सालात मीच दिली. बंधारा पाण्याखाली होता. म्हटलं, बाबगोंडा, दोन किल्ल्या आहेत, एक तुझ्याकडं ठेव. कधी असं काही झालं तर मी कुठं येणार पोहत? तो घेईना. म्हणाला, मग कुलूप कशाला? मी म्हटलं, तुझ्यासाठी नको ठेवू, माझ्या झोपेसाठी ठेव. तेव्हा घेतली." त्यांनी नाक पुसलं. "कुणाला सांगू नको म्हणाला. घरातपण."

"म्हणजे ते आत उभे होते तेव्हा ही त्यांच्या कमरेला होती."

"होती."

"वर फेकली असती तर..."

"हां," अंगडीकाका म्हणाले. "फेकली असती तर."

मी आयुष्यात पुष्कळ वाचलंय. वडील-मुलींबद्दल, मरणाबद्दल, माणसं एकमेकांसाठी काय काय करतात त्याबद्दल. त्या रात्री त्यातलं एक वाक्य मला आठवलं नाही. माझ्या मनात राग होता. इतका, की आण्णांच्या खोलीत जायला मला सकाळ लागली.

ते जागे होते. औषधामुळे बोलणं जड, पण शुद्धीवर. मी खुर्ची ओढून बसले.

"आण्णा, किल्ली तुमच्याकडेच होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाकारलं नाही. "होती."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

हौदाच्या काठावर पालथी पडलेली मी मला दिसली. माझ्या हातात किल्ली. खाली ते. घाट मला दिसत नव्हता. नदीच्या वळणामागे होता. नुसता हलगीचा आवाज.

"उघडलं असतं," मी म्हटलं.

"इसाकनं?"

"त्यांनीपण."

"म्हणून," आण्णा म्हणाले. थोड्या वेळानं, दम घेऊन, "मीपण आतून दोनदा हात नेला कमरेला. तू सांगू नको कुणाला."

त्यांच्या ओठांना मी ओला कापूस लावला. बाहेर बाकावर अंगडीकाका कुणाशीतरी बोलत होते. दोन्ही काठांवरचे मालक आले होते. आता पुढं काय करायचं, दारांना कुलपं ठेवायची की काढायची, असं दबक्या आवाजात चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, "तिलाच विचारूया, आता कारखाना तीच बघणार." आण्णांना ते ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. ते छताकडे बघत होते. वेदना वाढत होत्या, कारण त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती, आणि पुढच्या औषधाला अजून वेळ होता.

"राजू."

"काय, आण्णा?"

"कोण कोण होतं घाटावर? मला सांग."

"पुष्कळ लोक होते."

"पुष्कळ नको. एकेक सांग."

मी सांगू लागले. डोक्याला साबण लावलेला म्हातारा होता, तो म्हणाला मी तुमची मुलगी नव्हे. आण्णांच्या ओठांचा कोपरा हलला. हिरव्या बांगड्यांची एक बाई होती, माझी थट्टा करत होती. एक आंधळी म्हातारी होती, तिला सून पाण्यात उतरवत होती. पुजारी होता. केस पिळणारी एक बाई होती, आणि तिची मुलगी.

"केवढी?"

"तीनेक वर्षांची. मला चावली."

"बरं केलं. पुढं?"

नव्या लग्नाचं एक जोडपं होतं, नवरा नवरीवर पाणी उडवत होता. तीन बहिणी होत्या, एकसारख्या झग्यांमधल्या. एक पहिलवान होता. आण्णांचा श्वास थोडा संथ झाला होता. मी थांबले की शीर पुन्हा उडायला लागे, म्हणून मी थांबले नाही. मला खरंच दिसलेली माणसं तोवर संपली होती. नवराबायको मी रचलेले होते, पहिलवान रचलेला होता. मी एक बासरीवाला पाण्यात उतरवला. एक गरोदर बाई. दोन जुळी पोरं. वाटेल तेवढी माणसं मी त्या डोहात उभी केली, आणि सगळ्यांना एकेक करून कोरड्या पायऱ्यांवर वर आणलं.

"आणि अंगडीकाकांची आई होती," मी म्हटलं. "पांढऱ्या लुगड्यातली. काठी टेकत टेकत वर आली."

आण्णांनी डोळे न उघडताच म्हटलं, "अंगडीची आई जाऊन किती वर्षं झाली."

"होती, आण्णा. मी बघितली."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"बरं," मग म्हणाले. "आणखी कोण?"